दोनशे बैसा

मुख्याध्यापिका म्हणाल्या, चाळीस शब्दांत बसवा.
बसवलं:
"शुक्रवारी साडेचारला, शाळेच्या मैदानावर, आनंदमेळा.
प्रवेश दोनशे बैसा.
जमलेल्या पैशांतून मैदानाला छप्पर. सहकुटुंब या."
चौदा झाले.
उरलेल्या सव्वीसांत काय काय कोंबू, मॅडम?

की एप्रिल लागला की सकाळी आठलाच
आमच्या घसरगुंडीवर पापड भाजून निघेल,
की दुसरी 'ब'मधला ऋत्विज
खेळाच्या तासाला भिंतीच्या सावलीतून चालतो,
ती आक्रसेल तसा तोही आक्रसतो:
नऊला अंग चोरून,
साडेनऊला पाठ भिंतीला टेकवून,
दहाला सावली त्याच्या बुटांएवढी उरते
आणि तो बूट हलवत नाही.
की मेमध्ये फुटबॉल वर्गात शिकवला,
फळ्यावर, खडूने, तोंडी.

छप्पर म्हणजे फार काही नाही हो,
बारा खांब आणि वर हिरवी जाळी.
पण सोहारमध्ये सावली झाडाला लागत नाही,
तिचं कोटेशन मागवावं लागतं.
तीन आली. सगळ्यात स्वस्त होतं ते वाचून
खजिनदार पिंटोंनी चष्मा काढला,
पुसला, पुन्हा वाचलं.
आकडा तेवढाच होता.

म्हणून मी, पर्समध्ये चिकटपट्टी,
काखेत पत्रकांचा गठ्ठा.
(समितीने बजावलंय: आधी परवानगीचा जांभळा शिक्का दाखवा,
मगच हसा.)
हमीदच्या दुकानात पत्रक लागलं
मोबाईल रिचार्ज आणि बासमतीच्या मधोमध,
थोडं तिरकं. तो म्हणाला, तिरकंच लोक वाचतात.
बेकरीतल्या खदीजाबाईंनी विचारलं, कशासाठी?
मी हात डोक्यावर आडवा धरून दाखवला.
"ज़िल्," त्या म्हणाल्या. मला सावलीचा शब्द दिला,
वर लुगैमातची परात कबूल केली, फुकट,
एका अटीवर: टेबल बटाटेवड्यांच्या शेजारी नको,
वास मारतो त्यांचा, आणि खपतातही.

संध्याकाळी गाडीत बसून सुट्टे मोजताना
एकदम हसू आलं.
बैसा!
आपल्याकडे जुनी माणसं उंबऱ्यात आलेल्याला म्हणायची तो शब्द.
इथे त्याचं नाणं पाडलंय.
वर्षानुवर्षं देते-घेते आहे मी हे नाणं
आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

बंदराच्या कॅम्पबाहेर शेवटचं पत्रक उरलं.
तिथे पालक कुठले? तरी लावलं.
एक माणूस वाचत उभा राहिला, बाहीवर ठिणग्यांची भोकं.
अन्वर तिसेकर, श्रीवर्धनचा, वेल्डर.
"पाच तिकिटं द्या, ताई."
मी म्हटलं, पाच? तुमचे कोण कोण आहेत इथे?
"इथं कोण नाय. तुमीच लिवलंय ना,
सहकुटुंब."

हजार बैसा. नवा करकरीत एक रियाल.
चार तिकिटं त्याने न दुमडता खिशात ठेवली,
गावी पाठवीन म्हणाला,
पोरांना दाखवायला.
मग विचारलं, खांब किती जाडीचे घेताय?
मला माहीत नव्हतं.
"पातळ घेऊ नका. समुद्राचा वारा हाय.
जोडकामाला मला बोलवा, सुट्टीच्या दिवशी.
मजुरीचं बोलायचं नाय."

तर मॅडम, सव्वीस शब्द मी कोरेच ठेवलेत.
कोणी विचारलं तर सांगा, छपाईची चूक.
फक्त तळाला, बारीक अक्षरात,
एवढं जोडू दे:

येताना टोप्या आणा.
छप्पर अजून नाही.