कळकलेल्या अकरा कुप्या

नायट्रोजनच्या टाकीची पाळी माझी,
सोमवार आणि गुरुवार.
जाड हातमोजे, चेहऱ्यावर काच,
आणि रबरी नळीचं चिडून फुसफुसणं.

योएन्सूत डिसेंबरात तीनलाच दिवे लागतात.
हिल्क्का मात्र तिच्या खोलीतले मालवते,
म्हणते, टाइस्तो, दार लाव, फट नको,
आणि जांभळा दिवा धरते कुपीवर.

अकरा वेळा काही दिसलं नाही.
अकरा वेळा पांढऱ्या भुकटीवर
सकाळपर्यंत हिरवट झाक.
आईच्या तांब्याच्या किटलीची कल्हई उडाली
की कॉफी कळकायची, तसं
कळकलेलं सगळं.

ती समजावते, मी विचारलेलं नसताना:
तांब्याला उजेड दिला की ते क्षणभर
ताठ राहतं, मग अंग टाकतं,
पसरतं सपाट,
आणि उजेड आतल्या आत जिरतो, नुसती ऊब होऊन.
म्हणून दोन्ही बाजूंना
जाडजूड रेणुगट बसवायचे, खेटून,
पडायला जागाच ठेवायची नाही.
मी म्हटलं, हे मला माहीत आहे.
शनिवारी रात्री वडिलांना
दोघं जण असेच बगलेत धरून आणायचे.

वडील खाणीत होते. मीही, शेवटची दोन वर्षं.
आम्ही तांबं टनांत मोजायचो.
ही मोजते मिलिग्रॅममध्ये, श्वास रोखून,
श्वासानंही काटा हलतो म्हणून.
खाण बंद झाली त्या दिवशी
भोंगा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाजला.
एवढंच.

आता खरं सांगतो.
काचेच्या पेटीला, डाव्या मोज्याच्या मुळाशी
एक रबरी कडं असतं.
त्याची चीर मला ऑगस्टमध्येच दिसली होती.
नवं मागवायची चिठ्ठी लिहिली,
चिठ्ठी डगल्याच्या खिशात, डगला धुण्यात,
आणि डोक्यातून गेलं ते गेलंच.
हवा शिरत होती. केसाएवढी.
हिल्क्का मात्र स्वतःचीच सूत्रं खोडत बसायची,
रात्र रात्र.
एकदा तिनं कुपी सिंकमध्ये आपटली,
मग गुडघ्यांवर बसून
बाहेर उडालेल्या काचा वेचल्या.
मी केरसुणी दिली.
दुसरं काही दिलं नाही.

मागच्या रविवारी इमारतीत कुणी नव्हतं.
किल्ली माझ्याकडे असतेच.
कडं बदललं, जुनं खिशात घातलं.

बारावी कुपी.
दार लावलं.
आधी वाटलं, डोळ्यांचा भास,
मग पक्कं पिवळं,
दलदलीत पिकलेल्या लाक्का फळाचं पिवळं.
तिनं चिमट्यानं कुपी माझ्या नायट्रोजनमध्ये बुडवली.
विझलं नाही. निळं झालं.

ती हसली नाही. म्हणाली, पुन्हा.
वर काढलं, जरा उबलं, पिवळं.
बुडवलं, निळं.
पुन्हा. पुन्हा.
शेवटी माझी टाकी अर्ध्यावर आली,
तेव्हा कुठे तिला वहीची आठवण झाली.

निबंधाच्या शेवटी, आभारांत, माझं नाव घालणार आहे:
टाइस्तो कोर्टेलाइनेन, तांत्रिक साहाय्याबद्दल.
तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं,
आडनाव बरोबर आहे ना, विचारलं.
मी म्हटलं, बरोबर आहे.

कडं अजून खिशातच आहे.
बोटानं चाचपलं की चीर लागते.
सांगेन म्हणतो, गुरुवारी,
टाकी भरून झाल्यावर.