कात्रणांचा हिशोब

प्रेसमध्ये माझं काम कापण्याचं.
छापलेला ताव पात्याखाली सरळ धरायचा,
समास अर्ध्या मिलिमीटरनं हलला तरी ताव बाद.
बाद ताव मोजतात. कडेची कात्रणंसुद्धा
वजन करून वहीत चढवतात,
दोन सह्या होतात, मग भट्टी.
एकवीस वर्षांत चिमूटभर कागद
नाशिकरोडच्या त्या फाटकाबाहेर गेला नाही.

माझ्या कात्रणाची नोंद मात्र कुठंच नाही.

सहा वर्षांचा होतो. द्वारकेजवळचं नर्सिंग होम,
हिरवी चादर, उलटे आकडे म्हणायला लावणारा आवाज.
सातपर्यंत आलो असेन.
लघवी अडायची, म्हणून. सही वडिलांची.

गेल्या महिन्यात गंगापूर रोडला
डॉक्टर दराडेंसमोर बसलो.
"बोला, गांगुर्डे."
तीन वाक्यं घोकून आलो होतो, तिन्ही विसरलो.
म्हणालो, "पुढचं कातडं परत येतं का?"
त्या हसल्या नाहीत,
म्हणून पुढचं विचारता आलं.

औषधाच्या चिठ्ठीमागे त्यांनी आकृती काढली,
नळाला कापड गुंडाळावं तशी.
"वृषणावरची सैल त्वचा वळवून आवरण करता येतं.
दोन ऑपरेशनं, मध्ये काही महिने.
रंग वेगळा राहतो, केस उगवतात,
आणि व्रण आकसला तर पुन्हा आवळतं."
म्हणजे ज्यासाठी सहाव्या वर्षी नेलं होतं, तेच.
हे त्या बोलल्या नाहीत, मीच बोललो.

"दुसरं, ताण देणं. चाकू नाही.
टेप लावायची, दुखणार नाही इतकीच ओढ,
रोज काही तास. दोन वर्षं, तीन, कुणाला पाच.
त्वचेला ताण कळतो, ती वाढते;
गरोदर बाईचं पोट बघितलंय ना?
मुंग्या आल्या, निळसर पडलं, की लगेच सोडायचं.
वजनंबिजनं टांगत बसू नका.
झाकलं जाईल, कोरडेपणा कमी होईल बहुतेक.
पण आतली जी मऊ पट्टी गेली,
तिच्या नसा येणार नाहीत.
आणि हेही सांगते, पक्का अभ्यास थोडाच झालाय."

"तिसरं काही?"
"काहीच न करणं. त्याची फी नाही."

रविवारी अण्णांना विचारलं. ते लसूण सोलत होते.
"फार रडायचास रे. बिल दोनशे ऐंशी झालं.
मी बाकावर तुझ्या चपला हातात धरून बसलेलो,
डावीचा अंगठा तुटला होता."
"त्याचं काय केलं त्यांनी?"
"कशाचं?"
एक पाकळी घरंगळत पलंगाखाली गेली.
मी वाकून ती काढली. म्हणालो, "काही नाही."

बिटको चौकातल्या मेडिकलमध्ये कागदी टेप मागितली.
पोरगा म्हणाला, "जखम केवढी आहे, काका?
एक इंची देऊ, की दोन?"
म्हणालो, "जुनी आहे."
त्यानं एक इंची दिली.

पद्मजाला रात्री सांगितलं, दिवा घालवून.
ती म्हणाली, "माझ्यासाठी नको हं काही करूस."
"माझ्यासाठीच."
"मग कर."
कूस बदलली. मला वाटलं, झोपली.
बऱ्याच वेळानं अंधारातून,
"दुखलं तर सांगशील?"

आज चौथा आठवडा.
पहिल्या पाळीला पात्यासमोर उभा राहतो तेव्हा
एक हलकी ओढ सोबत असते,
पतंग ढगाआड गेल्यावरही
मांजाला बोटावर जाणवते तेवढीच.
परवा जास्त आवळली गेली,
जेवणाच्या सुट्टीत सोडून टाकली,
दिवसभर चोरासारखं वाटलं.
कुणाचं काय चोरलं, ते कळेना.

घरी शंभर पानी वही केली आहे.
तारीख, तास, मिलिमीटर.
तिसऱ्या रकान्यात अजून शून्यच.
शेवटी सह्यांसाठी रकाने आखले,
सवयीनं दोन.