रात्री नऊचा थेंब

मिरजेचा डॉक्टर म्हणाला,
गेलं ते परत येत नाही,
उरलंय ते राखायचं.

आक्का दिवेलागणीनंतर पाण्याचा घोटही घेत नाहीत,
समडोळीला लग्न होऊन आल्यापासून.
आणि हा थेंब रात्री नऊचा.
डोळ्यात सोडला की घशात कडू उतरतो.
पहिल्या रात्री उठून बसल्या,
"हे खाल्ल्यात धरायचं व्हय गं?"

नाकाकडचा कोपरा बोटानं दाबा,
डॉक्टरनं सांगितलं होतं, औषध वाया जात नाही.
त्या दाबतात, त्यांच्या कारणासाठी.
नऊ णमोकार होईपर्यंत बोट काढत नाहीत.

सहा वर्षं झाली.
बाटली फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्यामागं.
डाव्या डोळ्याचे केस लांब झालेत, काळेभोर,
नव्या नवरीसारखे, त्या एकाच डोळ्याचे.
बाजूनं गेलेली मी त्यांना दिसत नाही,
म्हणून समोरून जाते, बांगड्या वाजवत.

काल लाइट गेली.
थेंब गालावर पडला.
"चुकला," मी म्हटलं.
पदरानं पुसला त्यांनी,
गप्प बसल्या थोडा वेळ. मला वाटलं,
आज सुटल्या.

मग मान मागं टाकली.
"सोड अजून एक.
गालावरचा धरू नगंस."