प्रकरण चौथे

अजमानच्या बंदरामागे खलाशांची एक खोली आहे.
टेबलटेनिसचं मोडकं टेबल, चहाची किटली,
भिंतीवर सहा शहरांची सहा घड्याळं.
तारावाची वेळ एकातही नाही.

तिथे शुक्रवारी इओतेबा भेटतो.
मालकाने फोन उचलणं सोडलं त्याला आठ महिने झाले.
जहाज बाहेर नांगरावर, पगार कागदावर.
मी पुस्तक लिहितेय प्रशांतातल्या बेटांच्या नाचांवर,
आणि त्या महासागरात
अजून पायाचा अंगठाही बुडवलेला नाही,
हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.
म्हणाला, चालेल. मी तरी वाळवंट कुठे पाहिलंय?
रोज डेकवरून झाडतो, तेवढंच.

लाइफजॅकेटांचा रिकामा खोका तो उपडा घालतो.
तळव्याची एक थाप.
मी लिहिते: हात खांद्यांच्या रेषेत. बोटं जुळलेली.
मान झटक्यात डावीकडे,
पाण्यावर कधीच न बसणाऱ्या त्या काळ्या समुद्रपक्ष्याची मान.
लिहिते: चेहऱ्यावर हसू नाही.
विचारते, का नाही?
हसलं की सांडतं, म्हणतो.
काय सांडतं ते सांगत नाही.
मी समासात प्रश्नचिन्ह काढते.

अशी एकोणचाळीस झाली.
घरी ध्वनिमुद्रण लावते तर एसीची घरघर,
कुणीतरी उर्दूत साखर मागतंय,
आणि थापेच्या अगदी आधी
एक आत ओढलेला श्वास.
तो माझ्या वहीत नव्हता.

मागच्या शुक्रवारी म्हणाला, बसा.
फरशीवर मांडी घातली. गुडघा कुरकुरला.
पेन हातात तसंच.
ते ठेवा, याला दोन्ही हात लागतात.

ठेवलं. हात उघडले.
चुकलं, म्हणाला.
वारा कुठून येतोय ते न बघताच उघडलेत.

वारा होता एसीचा, डावीकडून.
मान तिकडे वळवली
आणि बावन्नाव्या वर्षी, एका गळक्या एसीपुढे,
पंख पसरून बसलेली मी मलाच दिसले.
फसकन हसू आलं.
तो हसला नाही. थाप थांबली.
पुन्हा, म्हणाला. सुरुवातीपासून.

सात वेळा सुरुवात केली.
सातव्या वेळची नोंद नाही.
पेन घरंगळत टेबलाखाली गेलं होतं;
दुसऱ्या दिवशी झाडू मारताना मोमेनाला सापडलं.
तिने ते किटलीशेजारी उभं करून ठेवलंय,
कुणाचं आहे ते विचारत.