टाकी

रात्रीचे साडेआठ.
तुर्भ्याच्या पालिका शाळेत चौथी खोली,
बाकं तिसरीच्या पोरांची.
दुर्गप्पा धोत्रे आडवे बसतात, पाय वाटेत सोडून.
जोमीबाय बसतच नाही,
दिवसभर टोपलीपुढे बसलेलीच असते म्हणते.
तेजबहादुरची शिट्टी खिशात, दहाला त्याची ड्यूटी.

एकतीस वर्षं मी पोरं घडवली डोंबिवलीला.
त्याच सवयीने पहिल्या दिवशी फळ्यावर सुविचार,
ठळक, खाली रेघ ओढून:
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.
वाचून दाखवला. विचारलं, समजलं का?
साऱ्यांनी माना हलवल्या.

पुढे महिनाभर हलवत राहिले.
ती मान कळलं म्हणून हलत नव्हती,
माझा मान राखायला हलत होती.
शिकवणाऱ्याला 'नाही' म्हणायचं कसं,
तेजबहादुरच्या गावी कुणी शिकवलंच नव्हतं.

जोमीबायला विचारलं, सात साते?
ती खिडकीबाहेर बघायला लागली.
मग वैतागून मी म्हटलं, बरं, सहा कोडी आणि वर पाच बांगडे?
"एकशेपंचवीस," ती म्हणाली,
"आणि एक वरकड द्यायचा, गिऱ्हाईक परत येतं."

त्याच आठवड्यात दुर्गप्पांनी पहिल्यांदा नाव लिहिलं.
दुगप्पा.
मी तांबड्या शाईने गोल केला, फुली मारली,
मोठ्याने वाचलं, "दुगप्पा! रफार कुठाय?"
पोरं अशा वेळी हसतात आणि विसरतात.
इथे कुणी हसलं नाही.
मागच्या बाकावर त्यांची सून होती,
डोक्यावरचा पदर तिने आणखी पुढे ओढला
आणि वही मिटली.

सोमवारी दोघं नव्हती. मंगळवारीही नाही.

गुरुवारी शोधत गेले.
पुलाखाली, भाजीबाजाराच्या मागच्या अंगाला,
पाटे वरवंटे रांगेत उभे.
त्यांनी तेलाचा डबा पालथा घातला, पुसला,
मला बसायला दिला.
नातू पाट्याला टाकी लावत होता.
एक घाव तिरका गेला.
मला दिसला, त्यांनाही दिसला.
ते बोलले नाहीत.
पोराच्या हातातली छिन्नी घेतली,
तिरक्याच्या शेजारी एक सरळ मारला,
छिन्नी परत दिली.
पुढचा घाव पोराने सरळ घातला.

"चुकलं म्हणून सांगत नाही तुम्ही?"
"त्याला दिसलं की, बाई."
मग बऱ्याच वेळाने, दगडाकडेच बघत:
"ते तुमचं फळ्यावरचं हाय ना...
घाव दगडाला असतोय.
शिकणाऱ्याला न्हवं."

शुक्रवारी फळा कोराच ठेवला.
दुर्गप्पा आले. आडवे बसले. लिहिलं.
रफार पुन्हा निसटला.
तांबडं पेन पर्समध्येच राहू दिलं.
त्यांचीच पेन्सिल मागून घेतली,
शेजारी, त्यांच्याच अक्षराच्या मापाचं,
एकदा लिहिलं, दुर्गप्पा.
पेन्सिल परत दिली.
'समजलं का' ओठांवर आलं होतं, ते गिळलं.
त्यांनी पेन्सिल मुठीत धरली, छिन्नीसारखी,
आणि 'ग'च्या डोक्यावर
वरून खाली, एकच ठोका.
कागद जरा फाटला.

सून अजून आलेली नाही.
सासऱ्यासमोर एकाच खोलीत बसवलं तिला,
चालेल का, हे मी विचारलंच नव्हतं.
तिची वही माझ्याकडे आहे.
आतल्या पहिल्या पानावर
'अ' सोळा वेळा,
आणि सोळाही बरोबर.