कोमट इंजिन

हॅलिफॅक्सच्या शोरूममधली ती कोरी करकरीत,
टायरवरचे रबरी केससुद्धा झडले नव्हते.
बटण दाबलं की काच वर सरकते, मुठी गरम होतात,
मागच्या सीटला पाठ टेकायला गादी.
कुणासाठी, हे विकणाऱ्या पोरानं विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
तीन वर्षांची वॉरंटी, साठ हप्ते.
हप्ते मी रात्रपाळ्यांत मोजले:
महिन्याला तीन जास्तीच्या.
डायलिसिसच्या आठ खुर्च्या,
आठ माणसांचं रक्त बाहेर जाऊन परत येताना
बघत बसायचं,
आणि गाडी घरी चादरीखाली.
त्यात आमचा मोसम मे अखेर ते ऑक्टोबरचा मध्य.
उरलेलं वर्ष बर्फाचं,
आणि बर्फावर फेकलेल्या मिठाचं.

इथे गाडीचं वय कागदावर बघत नाहीत,
खाली वाकून बघतात.

म्हणून भावाच्या पिकअपमधून पाच तास,
केप ब्रेटनच्या त्या टोकाला, शेटिकँपला.
लेऑन्स ओकोइन. वय एकोणऐंशी.
जन्मभर खेकडे धरले.
शेडमध्ये पिंजऱ्यांच्या उतरंडीशेजारी ती उभी,
एक लाख बारा हजार किलोमीटर,
डाव्या पेटीवर लांब ओरखडा.
"पडली होती?"
"उभ्या उभ्या. पेट्रोल पंपावर. पाय पुरला नाही.
सगळं गाव बघत होतं."
मग एक वही काढली.
पुढून खेकड्यांचं वजन, साल, भाव;
मागून उलटी धरली की गाडी:
तेल, ब्रेक, व्हॉल्व्ह, शाफ्ट, तारखेनिशी.

मी वाकले. गंज नाही.
मिठाचा डाग नाही.
मग सवयीनं इंजिनवर तळहात ठेवला,
कपाळावर ठेवतात तसा.

कोमट.

थंड इंजिन खरं सांगतं, भाऊ म्हणतो,
गरम इंजिन गोड बोलतं.
मी लेऑन्सकडे बघितलं.
"सकाळी प्लेझंट बेपर्यंत जाऊन आलो," तो म्हणाला.
"शेवटचं. म्हटलं, दुसऱ्याची व्हायच्या आधी."
शेजारी एक लाकडी स्टूल होतं,
त्यावर बुटाची माती.
नवा खुबा बसवलेला माणूस स्टुलावर चढून
गाडीवर बसू शकतो.
नाही बसू शकत असंही नाही.
पण माझे पेशंट, पाणी किती प्यायलात विचारलं
की सगळे म्हणतात, घोटभर.
मग वजनकाट्यावर उभे राहतात
आणि दोन किलो पाणी कुठे मुरलं ते दिसतं.

"उद्या येते," मी म्हटलं. "सहाला.
तोवर हात लावू नका."
त्याला राग आला नाही,
आणि तेच मला रात्रभर मोटेलच्या गादीवर टोचत राहिलं.

सकाळी धुकं. तो सपातांत, हात पाठीमागे बांधून,
कुणी चोर म्हणू नये म्हणून बांधावेत तसे.
इंजिन दगडासारखं गार.
पहिल्यांदा नुसतं टिकटिक.
दुसऱ्यांदा खोकली.
लेऑन्स समुद्राकडे बघत होता. समुद्र दिसत नव्हता.
तिसऱ्यांदा धरलं तिनं.
थोडा पांढरा धूर, मग तोही नाही,
आणि एक खालच्या पट्टीतला आवाज
पिंजऱ्यांच्या जाळ्यांतून फिरत राहिला.

"थंडीत तिसऱ्यांदाच होते," तो म्हणाला.
"सांगणार होतो."
"कधी?"
"पैसे मोजून झाल्यावर."

मला हसू आलं, ते आवरेना.
शोरूममधल्या पोरानं
एवढं खरं काहीच सांगितलं नव्हतं,
त्याच्याकडे सांगण्यासारखं
अजून काही घडलंच नव्हतं.

बॅटरीचे म्हणून तीनशे डॉलर कमी केले.
तो दोनशेवर अडला. अडीचशे.
"वही?"
"ती गाडीची आहे."
"पुढची पानं फाडून देऊ का?"
त्यानं थोडा वेळ पाहिलं.
"राहू दे. ओल्या हातानं लिहिलीत,
फाडायला गेलीस तर शिवण उसवेल."

इन्व्हर्नेसला पेट्रोल भरलं, पाय पुरला.
टाकीवर वही उलटी ठेवून
त्याच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं:
आकडा, तारीख,
तिसऱ्यांदा सुरू झाली.