गुडघ्याला खरचटले

माझं अक्षर चांगलं, म्हणून मृत्यूचं रजिस्टर माझ्याकडे आलं.
दिंडोरी तालुका, प्राथमिक आरोग्य केंद्र,
खिडकीला लागून टेबल,
बाहेर क्रेट भरलेल्या पिकअप ओझरच्या दिशेनं.
तेरा वर्षं निळ्या शाईनं
मी लोकांना ओळीत बसवलं.

तो चार वर्षांचा होता.
आमच्या वहीत : पुरुष, वय ४, शेततळे.
पोलिसांच्या वहीत : अकस्मात.
अंगणवाडीच्या वहीत त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी
आणि महिना संपेपर्यंत
गैरहजर.

तिन्ही वह्या एका टेबलावर आल्या त्या गुरुवारी
डॉक्टर मॅडमनी दार लोटून घेतलं.
यमुना गांगुर्डे, आशाताई, चिखलाची चप्पल हातात घेऊन;
भोये सर; हवालदार बोरस्ते;
सिव्हिलमधून समुपदेशक निलोफर, एसटीनं, उभ्यानं;
आणि वायरमन पुंजाराम, ज्याला कुणी बोलावलंच नव्हतं,
ट्यूब बदलायला आला नि स्टुलावरच बसून राहिला.

पहिला तास भांडणात गेला.
बोरस्ते म्हणाले, बुडालेली लेकरं वेगळी,
जीव नकोसा झालेली ही तरणी पोरं वेगळी,
एका बैठकीत कशाला?
निलोफर म्हणाली, दोन्हीकडे कुणीतरी काठावर होतं
आणि आपण दुसऱ्या खात्यात.
चहावर साय धरली.

मग स्टुलावरून पुंजाराम :
तळ्याचा तो कागद कधी पाय टाकून बघितलाय?
पैलवान असला तरी घसरतो.
पोहता येऊन उपयोग नाही, साहेब,
धरायला काहीतरी पाहिजे.

ठराव मी तसाच लिहिला.
धरायला काहीतरी पाहिजे.
मॅडमनी भाषा सुधारली नाही.

शकूरभाईंच्या पंक्चरच्या दुकानामागचे जुने टायर
साखळीनं जोडून तळ्यात सोडले, शिडीसारखे.
चौसष्ट तळी. पासष्टाव्या तळ्याचा मालक म्हणाला,
यात आमचा फायदा काय?
यमुना म्हणाली, एक नातू.

फवारणीच्या औषधांना पत्र्याची पेटी,
किल्ली शेजारच्या घरी. लोक आधी हसले.
मग शेजारी शेजाऱ्याकडे रोज जाऊ लागला,
जो दोन वर्षं बांधावरून बोलत नव्हता.

कॉलेज रोडचा क्लास अर्ध्यात सोडून आलेल्या मुलानं
आपली बॅट गल्लीतल्या पोराला देऊन टाकली.
भोये सरांना ती बॅट खटकली.
कुणी बॅट देतं का अशी?
त्यांनी यमुनाला फोन केला, यमुनानं निलोफरला,
निलोफर म्हणाली, सरळ विचार, आडून नको.
मग ओट्यावर, त्याच्या आईबरोबर लसूण सोलत सोलत,
आई आत गेल्यावर,
मरावंसं वाटतंय का रे?
पोलिओचा डोस झाला का विचारते
तसाच आवाज ठेवला, ती सांगते.
हात थरथरत होते, लसणानं लपवले.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, हो.
मग म्हणाला, रोज नाही.

निलोफर शेवटच्या गाडीनं आली, यमुनाकडे राहिली.
बॅट परत मागायला बोरस्ते गेले, गणवेश न घालता.

तो बरा झाला असं मी लिहिणार नाही.
बुधवारी नाशिकला जातो, निलोफरसाठी
घरच्या बागेतली द्राक्षं नेतो, भयंकर आंबट.
एवढं मला माहीत आहे.

आणि सप्टेंबरात, भर दुपारी,
एक बाई ओलंचिंब पोर काखेत घेऊन धावत आली.
एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाही.
पोर रडत होतं ते चप्पलसाठी.
पोटावर, तळव्यांवर टायरचा काळा डाग.

त्या दिवशी नोंदीच्या टेबलावर दुसरं कुणी नव्हतं.
मी बाह्यरुग्णांची वही ओढली, लिहिलं :
मुलगी, वय ५. गुडघ्याला खरचटले.
धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. घरी सोडले.

अक्षर चांगलं आलं नाही.